अरुणाचं टेहळणी विमान

या मोहिमेतून यशपालला मिळण्यासारखं काय होतं, ते आधी मांडून घेऊ. विमान मिळालं असतं. त्या विमानात बसून कुठे जाता येत नव्हतं, ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, आणि ब्राउनश्वाइगमधल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात ते मावतही नव्हतं. पण ते मिळालं असतं, तर परभणीला परत जाताना त्याच्या सासऱ्यांच्या मनात एक वाक्य आलं नसतं: 'याला आमची पोरगी सांभाळता आली नाही, आणि तिनं केलेलं विमानही सांभाळता आलं नाही.'

हे वाक्य सासरे बोलले नव्हते. बोलणाऱ्यातले ते नव्हतेच. यशपालनं स्वतःच ते सासऱ्यांच्या वतीनं तयार केलं होतं, रात्रभर घासूनपुसून लख्ख केलं होतं, आणि आता त्याच वाक्याच्या धाकानं तो उत्तर समुद्राच्या काठी, कुक्सहाफेनजवळच्या एका बंधाऱ्यावर उभा होता. समोर ओहोटी लागली होती. काही तासांपूर्वी जिथे समुद्र होता तिथे आता करड्या चिखलाचं मैदान पसरलं होतं, क्षितिजापर्यंत. आणि त्या मैदानाच्या पार टोकाला, दुर्बिणीतून पाहिलं तर, वाळूच्या एका उंचवट्यावर बसलेल्या किड्याएवढं काहीतरी दिसत होतं. तेच अरुणाचं विमान.

अरुणा म्हणजे यशपालची बायको. विद्यापीठात ती पाण्यावर उतरणाऱ्या जुन्या विमानांवर पीएचडी करत होती. जगभरची विमानं सोडून तिनं निवडलं ते १९१७ सालचं, योकोसुकाच्या नौदल कारखान्यात बनलेलं जपानी टेहळणी विमान, रो-गो को-गाता. "तोवर जपानी लोक दुसऱ्यांची विमानं आणून वापरत होते," ती सांगायची. "हे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं काढलं. आपल्या डोक्यानं काढलेल्या पहिल्या वस्तूची शान वेगळी असते, यश." एकावर एक दोन पंख, एकामागे एक दोन जागा, पोटाखाली फ्लोट नावाच्या दोन पोकळ लाकडी होड्या, आणि शेपटाखाली तिसरा, छोटासा फ्लोट. जहाजावर ठेवायला सोपं जावं म्हणून पंख मागे दुमडता यायचे. अरुणानं त्याची एक तृतीयांश आकाराची प्रतिकृती केली. जमिनीवरून, हातातल्या रिमोटच्या यंत्रानं उडवायची. जिथे जुने नकाशे अपुरे पडले, तिथे तिनं आपलं गणित घातलं. फ्लोट पूर्ण झाले, पंखांवर कापड चढलं, इंजिन बसायचं राहिलं, आणि मार्चमध्ये ती आजारपणात गेली. लहू खरातांना, म्हणजे तिच्या वडलांना, व्हिसा वेळेत मिळाला नाही. लेकीचा अंत्यविधी त्यांनी परभणीत मोबाइलवर पाहिला.

२०१६च्या सप्टेंबरात ते आले तेव्हा यशपालनं इंजिन बसवून ठेवलं होतं. सासऱ्यांना लेकीचं विमान उडताना दाखवायचं, हा त्याचा बेत. काल बंदराच्या कुंडात विमान पाण्यावर धावलं, पाण्यानं त्याचे पाय सोडले, आणि ते उडालं! लहूमामा टोपी हातात धरून बघत राहिले. मग वाऱ्याचा एक झोत आला, यंत्राचा संपर्क तुटला, आणि विमान धक्क्यावरून, लाल दिव्यावरून, थेट समुद्राकडे निघून गेलं. कुणी सांगितलेलं नसताना स्वतःहून टेहळणीला निघाल्यासारखं.

आज रात्री वादळ येणार होतं. होडीवाले उथळ वाळूत आणि सील प्राण्यांच्या राखीव भागात शिरायला तयार नव्हते. राहिला एकच मार्ग. ओहोटीत पायी जायचं, भरतीच्या आत परत यायचं.

आणि इथे पहिला घोटाळा झाला. यशपाल सकाळी सहज म्हणाला, "मामा, येता का बरोबर?" त्याला वाटलं, म्हातारा माणूस, नाहीच म्हणेल. मामांना वाटलं, जावयाला सोबत हवी आहे, नाही कसं म्हणायचं. ते म्हणाले, "येतो की."

लग्न झाल्यापासून या दोघांचं असंच चाललं होतं. सासऱ्यानं जावयाला अडचण सांगायची नाही, जावयानं सासऱ्याला नकार द्यायचा नाही. तीन आठवडे एका घरात राहूनही त्यांनी एकमेकांना एकही खरी गोष्ट सांगितली नव्हती. मामांना साखर असेल, असं समजून यशपाल बिनसाखरेचा चहा करायचा. जावयाकडे असाच चहा करत असतील, असं समजून मामा तो औषधासारखा प्यायचे. असा सगळा मानपान!

वाटाडी होती फ्राउके, साठीची, दोरखंडासारख्या हातांची, सरकारी परवाना असलेली. तिनं दोघांना न्याहाळलं आणि प्रश्न सुरू केले. "तर मग. बूट घट्ट आहेत का? सैल बूट चिखल काढून घेतो."

मामांच्या पायात यशपालचे जुने बूट होते. "मामा, बरोबर बसतात ना?"

"अगदी मापाचे," मामा म्हणाले. दोन्ही बुटांच्या टोकात त्यांनी एकेक हातरुमाल कोंबला होता.

"पोहता येतं का? वाटेत प्रील आहेत. चिखलातले वाहते ओहोळ. आत्ता उथळ आहेत, पण ते सगळ्यात आधी भरतात."

"मामा, पोहता येतं ना तुम्हाला?"

मामा समुद्राकडे बघत हसले. "अहो, गावाकडचा माणूस आहे मी."

यशपालनं जर्मनमध्ये सांगितलं, "हो, उत्तम येतं."

"छान. हेर खरात माझ्या मागे, तुम्ही शेवटी."

"ही बाई मला हेर का म्हणते हो?" मामांनी हळूच विचारलं.

"त्यांच्यात 'श्री'ला तसं म्हणतात, मामा."

"मग ठीक. मला वाटलं, विमान टेहळणीचं म्हणून आपल्यालाही त्यातच घेतलं."

ते बंधारा उतरले. सुरुवातीला पायाखाली घट्ट वाळू होती, पाण्यानं तिच्यावर बारीक चुण्या पाडलेल्या, जणू कुणी ओली चादर झटकून वाळत घातली आहे. आभाळ आणि जमीन एकाच करड्या रंगाची, मध्ये कुठे रेघ नाही. पावलागणिक चिखलातल्या किड्यांची वेटोळी, मधूनच शिंपल्यांचे ढीग, दूरवर काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा एकदम उठायचा आणि एकदम बसायचा. आवाज म्हटला तर एकच, चिखल श्वास घेतल्यासारखा सगळीकडून बारीक फुटत होता. उजव्या हाताला, उंच खांबांवर, एक लाकडी मचाण उभं होतं. त्याला शिडी, वर कठडा. "भरतीत सापडलेल्यांसाठी," फ्राउके म्हणाली. "मी आजवर कुणाला तिथे चढवलेलं नाही. आजही चढवणार नाही."

मचाणाच्या पलीकडे मोठा प्रील लागला. पाणी मांडीपर्यंत. दोरीला धरून तिघं पार झाली. मामांनी पँट वर खोचली होती, चेहऱ्यावर मंदिराची पायरी चढणाऱ्याचे भाव होते, आणि मूठ दोरीवर एवढी घट्ट की फ्राउकेला ती सोडवून घ्यावी लागली. ती हसली. यशपालही हसला. बघून न बघितल्यासारखं करण्यात माणसाला किती सोय असते!

पलीकडचा काठ दलदलीचा निघाला. पाय घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत जाऊ लागले. फ्राउके ओरडत होती, "थांबू नका, टाच आधी उचला!" मामा मध्येच एकदा अडकले, वाकले, काहीतरी ओढल्यासारखं केलं आणि पुन्हा चालू लागले.

"काय झालं, मामा?"

"काही नाही. चाला तुम्ही."

उजवा बूट हातरुमालासकट समुद्राला मिळाला होता. गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला, त्यात बूट आहे की नाही, कोण सांगणार? पुढे कालवांचा पट्टा होता. ती शिंपली विळ्याच्या पात्यासारखी. मामा त्याच्यावरून चालले. तोंडातून हूं नाही की चूं नाही.

काठ्यांची एक रांग लागली तिथे फ्राउके थांबली. तिनं नाक वर करून वारा हुंगला. तो आता वायव्येकडून वाहत होता. "हा वारा पाणी लवकर ढकलतो," ती म्हणाली. "नियमानं मी इथूनच वळले असते. विमान अजून तेवढंच लांब आहे. तरणीबांड माणसं असती तर गेले असते. हेर खरातना विचारा. खरं खरं विचारा."

यशपालच्या मनात आलं, वळू या. खरोखर आलं. पण आपण वळू म्हटलं तर ते लख्ख वाक्य परभणीपर्यंत जाणार. त्यानं विचारलं, "मामा, ती म्हणते, अजून थोडं आहे. थकला असाल तर..."

मामांच्या मनातही वळू याच होतं. पण ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. माझं काही नाही."

"जमेल ना पण?"

"न जमायला काय झालं?"

"अगदी," यशपाल फ्राउकेकडे वळून म्हणाला, "ते एकदम ठीक आहेत."

फ्राउकेनं मामांकडे पाहिलं. मामांनी तिला छानसं हसून दाखवलं. आयुष्यभर जिल्हा परिषदेत साहेबांना दाखवलेलं ते हसू. त्या हसण्यावर भल्याभल्यांनी सह्या केल्या होत्या. फ्राउके म्हणाली, "मग पळा."

विमान वाळूवर अगदी शहाण्यासारखं बसलं होतं. एक पंख खरचटला होता, नाकावरच्या पंख्याचं एक पातं मोडलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी. तिन्ही फ्लोट वाळूत हलकेच रुतलेले. दोन पंखांच्या मधले बारीक खांब, त्यांच्यामध्ये फुलीफुलीत ताणलेल्या तारा, आणि त्या तारांतून वारा शीळ घालत होता. यशपाल धापा टाकत नुसता उभा राहिला. कालपासून पहिल्यांदाच त्याला श्वास खोलवर घेता आला.

मामा मात्र जवळ गेले. त्यांनी पंखावरून हात फिरवला. आतल्या फासळ्यांना कापड शिवलेलं होतं, टाक्यापुढे टाका. त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"हा टाका कुसुमचा आहे," ते म्हणाले. कुसुम म्हणजे अरुणाची आई. "दोन सरळ आणि एक आडवा. ती उशांना घालते. जपानी लोक असाच घालायचे का?"

"नाही, मामा. प्राध्यापकांनी याच्यावर हरकत घेतली होती. मूळ विमानात असा नाही म्हणाले."

"मग?"

"ती म्हणाली, जपान्यांनी आपल्या डोक्यानं काढलं, मी आपल्या आईच्या हातानं शिवते."

मामांनी तो टाका दोनदा अंगठ्यानं चेपून पाहिला, दुखतंय का असं विचारल्यासारखा.

"नंतर रडा!" फ्राउके ओरडली. "आता ओढा!"

यशपालनं खिशातल्या पकडीनं पंखांच्या खिळी काढल्या. पंख मागे दुमडले गेले, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं होतं तसे, पक्ष्यानं अंग चोरल्यासारखे. फ्लोटना दोरी बांधली. ओल्या वाळूवर ते घसरगाडीसारखे सरकू लागले. फ्राउके आणि यशपाल पुढून ओढत, मामा मागून ढकलत. काठ्यांची रांग मागे गेली. सगळं ठीक चाललं होतं.

मग समुद्राकडून धुकं आलं. भिंत सरकावी तसं आलं! आधी क्षितिज गेलं, मग मचाण गेलं, मग पुढची काठी गेली. फ्राउकेनं होकायंत्र काढलं. वेग मंदावला. मंदावतच गेला. तिनं मागे वळून पाहिलं आणि ती जागीच थबकली. विमानाच्या मागे वाळूत तीन ओळी उमटल्या होत्या फ्लोटच्या, आणि त्यांच्या शेजारी चौथी. लाल.

ती धावत मागे गेली. मामांचा पाय उचलला, चिखल पुसला. तळवा टाचेपासून बोटांपर्यंत फाटला होता.

"बूट कुठे आहे?"

"मामा, बूट?"

"गेला तो. मघाशीच." मामा ओशाळून म्हणाले, "तुमचा होता. मी नवीन घेऊन देईन."

फ्राउके जर्मनमध्ये जे बोलली त्याचं भाषांतर यशपालनं केलं नाही. तिनं आपला रुमाल जखमेवर करकचून बांधला आणि ती झपाझप पुढे निघाली. आता बोलण्यात अर्थ नव्हता. पायाखालच्या चुण्यांमधून पाणी सरकू लागलं होतं, उलट्या दिशेनं. वाळूतल्या प्रत्येक खळग्याला जाग येत होती.

मोठ्या प्रीलच्या काठावर ते पोचले तेव्हा तो ओहोळ राहिला नव्हता. नदी झाली होती. तपकिरी, फुगलेली, फेसाळ, वेगानं डावीकडे वाहणारी. पलीकडे धुक्यात मचाणाचे खांब पुसटसे दिसत होते. फ्राउके वायरलेसवर बोलली. बचाव नौका निघाली होती, पण धुक्यात ती हळूच येणार, आणि ज्या वाळूवर हे तिघं उभे होते ती तोवर पाण्याखाली जाणार.

"पोहून जायचं," ती म्हणाली. "आत्ता. विमान सोडा. दोरीला धरून तिघंही. रुंदी फार नाही, प्रवाह तिरपा नेईल, नेऊ द्या. मचाणाकडेच नेतो."

यशपालनं विमानाकडे पाहिलं. मग दोरी सोडली. सोडताना त्याची बोटं उघडत नव्हती, पण त्यानं ती उघडली, हे त्याच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे. "चला, मामा."

मामा हलले नाहीत. पाणी त्यांच्या घोट्यांना लागलं होतं.

"मामा, वेळ नाही. उतरा."

"तुम्ही दोघं व्हा पुढे," मामा म्हणाले. "मी थांबतो. होडी येतेच आहे."

"होडी येईपर्यंत इथे डोक्यावरून पाणी जाईल!"

"यशपालराव," मामा अगदी हळू बोलले, बाईला ऐकू जाऊ नये म्हणून, जणू तिला मराठी येत होतं. "मला पोहता येत नाही."

"पण तुम्ही म्हणालात, गावाकडचा..."

"गावात विहिरी होत्या हो. आम्हाला उतरू कोण देणार? काठावरनं बघायचो. बाकीची पोरं सूर मारायची ते."

यशपालच्या आजोबांनाही पोहता येत नव्हतं, आणि का येत नव्हतं ते त्यांच्या घरात पोराटोरांना पाठ होतं. म्हणजे बंधाऱ्यावर तो प्रश्न विचारतानाच त्याला उत्तर माहीत असायला हवं होतं. कदाचित होतंही. माणूस स्वतःपासून काय काय लपवतो, त्याची मोजदाद तोही ठेवत नाही.

फ्राउकेला त्यानं तीन शब्दांत सांगितलं. तिनं एकदा डोळे मिटले. मग ती विमानाकडे बघू लागली. नेमकं फ्लोटकडे. यशपालनंही तिकडे पाहिलं.

दोन फ्लोट. त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे. वरचं ओझं काढलं की तयार तराफा. पण वरचं ओझं म्हणजे विमान. काल समुद्रात पडल्यापासून खाऱ्या पाण्यात सगळे स्क्रू गच्च बसलेले. काढता येणार नव्हते. तोडावेच लागणार होते.

मामांनाही कळलं. ते लंगडत आले आणि पंख आणि जावई यांच्या मध्ये उभे राहिले. "नाही. हे करायचं नाही. हे माझ्या लेकीचं आहे. माझं काय, माझं झालंय सगळं. तुम्ही जा. माझा शब्द आहे तुम्हाला, जा."

चार वर्षांत यशपालनं सासऱ्यांचा शब्द मोडला नव्हता.

"मामा, गप्प बसा," तो म्हणाला. "एक अक्षर बोलायचं नाही आता. बाजूला व्हा."

मामा बाजूला झाले.

पक्कड हातात होती. पहिली तार! ती सतारीसारखी वाजून तुटली. दुसरी. तिसरी. पाणी पोटरीला लागलं. ताण सुटताच पंख लुळे पडले. फ्राउकेनं पाठीवरचं खोरं काढून कुऱ्हाडीसारखं चालवलं, फ्लोट धडाला जोडणारे पुढचे खांब मोडले. मागचे राहिले. यशपालनं त्यांच्यावर लाथ घातली. एक गेला. दुसरा जाईना. अरुणानं तो राखेच्या रंगाच्या लाकडातून तासला होता, चार वेळा नापसंत करून पाचव्यांदा. त्यानं पुन्हा लाथ घातली. पुन्हा! लाकूड ओरडलं, आणि विमानाचं धड एका बाजूला कलंडून पाण्यात बसलं. फ्लोट मोकळे झाले. होय, तो त्या वेळी काहीतरी ओरडत होता. काय, ते फ्राउकेला कळलं नाही, आणि मामांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

"झोपा यावर. पालथे. दांडा धरा. सोडायचा नाही!"

ते पाण्यात गेले. थंडी सुरीसारखी लागली. प्रवाहानं तराफा हिसकला, गोल फिरवला. फ्राउके पुढे, दोरी खांद्यावर. यशपाल मागे, पायांनी पाणी तुडवत. एक लाट मामांच्या तोंडावरून गेली. ते खोकले. दांडा सुटला नाही. उजवा फ्लोट कशावर तरी घासला, फळी फुटल्याचा आवाज आला. आता बुडणार! पण तो कललाही नाही. अरुणानं आत आडवे पडदे घालून कप्पे केले होते. एक कप्पा भरला, बाकीचे कोरडे राहिले. "जपान्यांचं मला माहीत नाही," ती म्हणाली होती, "पण माझं बुडता कामा नये."

मचाणाचा खांब धुक्यातून अंगावर आला. फ्राउकेनं त्याला मिठीच मारली. यशपालनं एका हातानं शिडी धरली, एका हातानं तराफ्याची दोरी. "मामा, चढा!" मामांनी जखमी पाय पायरीवर ठेवला, तो सटकला, आणि ते मागे पाण्यात गेले.

दोन हात, दोन गोष्टी, आणि शिडी. पायानं त्यानं शिडीला वेढा घातला, दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी मामांची कॉलर धरली.

तिघं वर आले तेव्हा खाली फक्त पाणी होतं. फ्राउकेनं सगळ्यांना चंदेरी पन्नीत गुंडाळलं. धुकं जरासं विरळ झालं, आणि प्रीलच्या पलीकडे विमान दिसलं. तिथे आता पुरेसं पाणी चढलं होतं. पुढचे दोन फ्लोट नव्हते. शेपटाखालचा छोटा फ्लोट मात्र जागेवर होता, आणि तो आपलं काम इमानानं करत होता. त्यानं शेपूट वर उचललं. नाक खाली, शेपूट वर, असं ते विमान थोडा वेळ डोललं. मग पंख पाण्यावर पसरून उघडले गेले, आणि ते प्रवाहाबरोबर निघालं. तिघांपैकी कुणीही दुसरीकडे पाहिलं नाही.

ते दिसेनासं झाल्यावर मामा म्हणाले, "तुम्ही मला गप्प बस म्हणालात."

"हो. चुकलं."

"नाही चुकलं." मामांचे दात वाजत होते. "एक बोलू का? आता तसंही भिजलोयच आपण."

"बोला ना."

"मला विमान नको होतं हो. काल उडालं, बघितलं, डोळे भरले. गेलं तर गेलं. तुमचा जीव त्याच्यात अडकलाय असं वाटलं, म्हणून आलो."

यशपालला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. "मग तुम्हाला काय हवं होतं, मामा?"

"काही नाही. विद्यापीठात अरुणा बसायची ती जागा बघायची होती. टेबल, खुर्ची, खिडकीतनं काय दिसायचं ते. फोनवर सांगायची, बाबा, खिडकीत एक झाड आहे. थोडा वेळ बसलो असतो त्या खुर्चीत. एवढंच. कुसुमनंही तेच सांगितलं होतं, जाऊन बसून या म्हणून."

"तीन आठवडे झाले. बोलला का नाहीत?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

आता नेहमीसारखं 'दाखवतो की' म्हणता आलं असतं. सभ्य जावई तसंच म्हणाला असता.

"मामा, ती जागा आता नाहीये. एप्रिलमध्ये मीच रिकामी करून दिली. मला बघवत नव्हतं. तिथे ईप्सिता म्हणून एक मुलगी बसते आता. खुर्चीही दुसरी आहे."

"बरं," मामा म्हणाले. मग पुन्हा एकदा, "बरं, बरं." आणि त्यांनी पन्नी तोंडावर ओढून घेतली. आत त्यांचे खांदे हलत होते. यशपालनं हात पुढे केला, कुठे ठेवावा ते त्याला कळेना, शेवटी त्यानं तो त्यांच्या बांधलेल्या पायावर ठेवला. मामांनी पाय काढून घेतला नाही.

धुक्यातून बचाव नौकेचा भोंगा ऐकू आला.

आता हिशेब. फ्राउकेनं आजवर कुणाला मचाणावर चढवलं नव्हतं, तो तिचा विक्रम गेला. मामांच्या तळव्याला टाके पडले, आणि ते परभणीला लंगडत गेले. यशपालला सासऱ्यांकडून ते वाक्य कधीच ऐकावं लागलं नाही, कारण ते कुणी बोलणारच नव्हतं. दोघांना एकमेकांचे जीव मिळाले आणि एक खरं बोलणं मिळालं, तेही सहा महिने उशिरा. आणि हे सगळं भागलं कशातून? जे जगात तिचं म्हणून उरलं होतं त्यातून. पंख गेले, टाके गेले, फ्लोट गेले, शेपूटही गेलं. दोन भल्या माणसांच्या मानपानाची भरपाई अरुणानं केली, आणि चालेल का म्हणून तिला विचारायला कुणाला जागा नव्हती.